हार्ड डिस्क अखेरच्या घटका मोजतेय? फायली बाहेर काढण्याचा क्रम

एक्स्टर्नल हार्ड डिस्क सहसा आधी इशारे देते. कॉपी मध्येच अडकते, फोल्डर उघडायला मिनिटभर लागतं, कॉम्प्युटर गोठतो आणि मग एके दिवशी विंडोज विचारतं की डिस्क फॉरमॅट करू का? या टप्प्यावर डिस्क अजून वाचता येते, पण किती तास वाचता येईल याची खात्री नसते. त्यामुळे एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा: ही डिस्क दुरुस्त करायची नाहीये. ती गेल्यातच जमा आहे. तिच्यात जी काही धुगधुगी उरली आहे, ती फक्त आतलं सगळं एकदा वाचून दुसरीकडे उतरवण्यावर खर्च करायची.

खालचा क्रम फिरत्या तबकड्यांच्या डिस्कसाठी आहे. एसएसडी आणि पेनड्राइव्हचं गणित वेगळं असतं.

जमवाजमव

- चांगल्या बॅटरीचा लॅपटॉप. डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवाच. घरातला इन्व्हर्टर लाइट गेल्यावर क्षणभर उशिरा चालू झाला तरी डेस्कटॉप बंद पडू शकतो.
- नवी किंवा धडधाकट डिस्क, जुनीच्या दुप्पट क्षमतेची. जुनी १ टीबी असेल तर २ टीबीची घ्या. १ टीबीची पूर्ण प्रत १ टीबीच जागा खाते (विंडोज तिला ९३१ जीबी म्हणतं, घाबरू नका), आणि तिच्यातून काढलेल्या फायलींना वेगळी जागा लागते.
- आखूड, नवी यूएसबी केबल.
- ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह.
- क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवतं), रुफस (पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू होईल असं करतं), डीएमडीई (फायली शोधून काढतं) आणि सिस्टमरेस्क्यूची (पेनड्राइव्हवरून चालणारी लिनक्स) आयएसओ फाइल. सगळं अधिकृत साइटवरून घ्या. यातलं काहीच विकत घ्यावं लागत नाही.
- डिस्कचं बिल, वॉरंटीची तारीख, डिस्कला पासवर्ड असेल तर तो, आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) लावलेलं असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की. की सापडत नसेल तर मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन करून पाहा, अनेकदा तिथे जपलेली असते. तिच्याशिवाय पुढची सगळी मेहनत वाया जाईल.

१. विंडोजला नाही म्हणा

डिस्क जोडल्यावर विंडोज तीनपैकी एक प्रश्न विचारेल. 'फॉरमॅट' विचारलं तर कॅन्सल. 'स्कॅन अँड फिक्स' विचारलं तर तेही कॅन्सल. डिस्क मॅनेजमेंट उघडल्यावर 'इनिशियलाइज' विचारलं तरी कॅन्सल.

सगळ्यात जास्त नुकसान चेकडिस्क ('स्कॅन अँड फिक्स'मागचा प्रोग्रॅम) करतो, कारण तो मदतीचा आव आणतो. त्याचं काम फाइल सिस्टम (डिस्कवरची फायलींची नोंदवही) सुसंगत करणं आहे, तुमच्या फायली वाचवणं नाही. एखादी नोंद वाचता आली नाही की ती चुकीची समजून तो खोडतो, आणि सुटे पडलेले तुकडे फाउंड नावाच्या फोल्डरमध्ये सीएचके फायली म्हणून टाकतो. मोडकळीला आलेल्या डिस्कवर हे सगळं लिखाण होतं आणि ते मागे घेता येत नाही.

'आधी क्विक फॉरमॅट करू, मग रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवू' हा सल्लाही फार फिरतो. पूर्वी त्यातून निभावून जायचं. आता अडीच इंची पातळ डिस्क बऱ्याचदा एसएमआर प्रकारच्या (माहितीच्या पट्ट्या एकमेकींवर चढवून लिहिणाऱ्या) असतात आणि त्यातल्या काहींना ट्रिम (कुठली जागा रिकामी झाली हे डिस्कला कळवणारी आज्ञा) चालतं. अशा डिस्कवर क्विक फॉरमॅट झालं की ती जुन्या जागी नुसते शून्य दाखवायला लागते, आणि मग कुठलंही सॉफ्टवेअर काही करू शकत नाही.

फ्रीझरमध्ये ठेवणं, टिचक्या मारणं, हलवून पाहणं हे प्रकार विसरा. थंड डिस्क बाहेर काढली की तबकडीवर दव धरतं.

२. केबल आणि वीज तपासा

निम्मी धास्ती इथेच संपू शकते. अडीच इंची डिस्कचा तो रुंद, दोन खणांचा यूएसबी ३ प्लग वापरून सैल होतो. केबल बदला, हब काढा, डेस्कटॉप असेल तर पुढचं पोर्ट सोडून मागचं वापरा. यूएसबी २ पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी ३ पोर्ट ९००. तबकडी फिरायला सुरुवात होताना डिस्क सगळ्यात जास्त वीज ओढते, आणि ती कमी पडली तर डिस्क फिरते, टिक करते, थांबते, पुन्हा फिरते. हेड (तबकडीवरून माहिती वाचणारा भाग) गेल्यावर येतो तसाच हा आवाज असतो, म्हणून केबल आणि पोर्ट बदलून पाहिल्याशिवाय डिस्क गेली असं ठरवू नका.

साडेतीन इंची मोठ्या डिस्कला १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो. घरातल्या वायफाय राउटरचा अडॅप्टरही बरेचदा १२ व्होल्टचाच असतो आणि पिनही बसते, पण त्याचे अँपिअर अपुरे पडतात. दोन्हींच्या लेबलवर व्होल्ट आणि पिनची ध्रुवता तंतोतंत तीच हवी, अँपिअर तेवढेच किंवा जास्त. लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर चुकून लावला तर सर्किट बोर्डवरचा संरक्षक डायोड जळून डिस्क मुकी होते. जाणकार कारागीर एवढं सहसा दुरुस्त करू शकतो, पण ही वेळ येऊ नये.

कव्हर उघडून आतली डिस्क थेट सॅटाने (कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्क जोडतात त्या जोडणीने) जोडावी का? सीगेटच्या अडीच इंची डिस्कमध्ये आत बहुतेकदा साधी सॅटा डिस्क आणि तिच्यावर छोटं यूएसबी कार्ड असतं, तिथे हे जमतं आणि फायदाही होतो. डब्ल्यूडी माय पासपोर्टच्या बऱ्याच मॉडेलमध्ये यूएसबी खाच सर्किट बोर्डवरच असते, सॅटा नसतंच. शिवाय पासवर्ड लावलेला नसला तरी डेटा चिपमधून सांकेतिक होऊन लिहिला जातो, त्यामुळे ती चिप टाळून वाचलं तर हाती नुसता कचरा येतो. बोर्ड पाहून खात्री झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि कव्हर म्हणजे बाहेरचं प्लास्टिक. आतल्या धातूच्या डबीच्या स्क्रूला हात लावायचा नाही.

३. कान लावा

डिस्क सपाट, कडक टेबलावर ठेवा आणि जोडा.

- एकसारखी मंद घरघर, अधूनमधून हलका कट्: यांत्रिक भाग बहुधा ठीक. पुढे चला.
- ठरावीक अंतराने टक्, टक्, टक् आणि मग शांतता: हेड गेलं असावं. लगेच काढा. थेट पायरी ८.
- बीप किंवा चिरका गुंऽऽ, तबकडी फिरत नाही: हेड तबकडीवर चिकटलंय किंवा मोटर अडकलीय. पायरी ८.
- खरखर, घासल्यासारखा आवाज: प्रत्येक सेकंदाला तबकडीवरचा थर खरवडला जातोय. वायर उपटा, सेफली रिमूव्हची वाट पाहू नका.
- अजिबात आवाज नाही, कंपन नाही: वीज किंवा सर्किट बोर्ड. पायरी २ पुन्हा तपासा.

पाण्यात भिजलेली डिस्क मात्र जोडून ऐकायचीही नाही. नाशिकमध्ये गोदेला पूर येऊन सराफ बाजार, भांडी बाजारात पाणी शिरतं, तेव्हा तळमजल्यावरच्या दुकानांत ही वेळ येते. तांदळात पुरू नका, हेअर ड्रायर लावू नका. गाळ आत वाळला की काम अवघड होतं. ओली असतानाच हवाबंद पिशवीत घालून डेटा रिकव्हरी लॅबला द्या.

४. स्मार्टचे आकडे

डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिला स्मार्ट म्हणतात. आवाज ठीक असेल तर ती पाहायला क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा. त्यात आकडे हेक्समध्ये (अंक आणि अक्षरं मिसळून) दिसतात. फंक्शन, अॅडव्हान्स्ड फीचर, रॉ व्हॅल्यूज या मेनूतून १० निवडलं की नेहमीचे दशमान आकडे दिसतील. चार ओळी पाहा.

०५ म्हणजे आधीच बाद करून बदललेले सेक्टर (डिस्कवरचे माहितीचे छोटे तुकडे). सी५ म्हणजे वाचता न येणारे, निकाल लागायचा बाकी असलेले. सी६ म्हणजे तपासून न वाचता आलेले. सी७ हा बहुधा केबलचा किंवा जोडणीचा दोष. फक्त सी७ शून्याच्या वर आणि बाकी तिन्ही शून्य असतील तर केबल बदलून सरळ कॉपी करा, हा लेख इथेच बंद.

०५ शून्याच्या वर पण सी५ शून्य असेल तर घाई करा पण घाबरू नका. सी५ आणि सी६ दोन्ही शून्याच्या वर असतील तर डिस्क उतरणीला लागली आहे. आकडा एकदा पाहिला की पुरे, तो वाढतोय का म्हणून दर तासाला डिस्क जोडून पाहणं म्हणजे उरलेलं आयुष्य फुकट घालवणं.

५. काय हवंय ते कागदावर लिहा

डिस्क काढून ठेवा आणि यादी करा. सातबारा, आधार, गुणपत्रिका, आयकर विवरणपत्रं, जीएसटी रिटर्न, बँक स्टेटमेंट: ही सगळी संबंधित पोर्टलवरून किंवा डिजिलॉकरवरून पुन्हा मिळतात. सिनेमे आणि सॉफ्टवेअरचे सेटअप सोडून द्या. उरतात लग्नाचे आणि घरगुती फोटो, टॅलीचा डेटा, डीटीपीची कामं, निर्यातीच्या द्राक्षबागेच्या फवारणी नोंदी, असलं काही.

यादीतला अत्यावश्यक भाग दोन-चार जीबीचाच असेल, फोल्डर अजून उघडत असेल आणि आवाज ठीक असेल, तर क्लोन (अख्ख्या डिस्कची प्रत, पायरी ६) करायच्या आधी तेवढं एक फोल्डर काढून घ्यायला माझी हरकत नाही. तज्ज्ञांमध्ये यावर दुमत आहे. पण एक्सप्लोररमध्ये कॉपी-पेस्ट करू नका, तो फोटोंची चिमुकली चित्रं बनवायला सगळ्या फायली चाळतो. टेराकॉपी वापरा. रोबोकॉपी वापरत असाल तर पुन्हा प्रयत्न करण्याचा पर्याय शून्यावर ठेवा. तो मुळात १० लाख प्रयत्नांवर आणि प्रत्येकामध्ये ३० सेकंदांच्या थांब्यावर ठेवलेला असतो, म्हणजे पहिल्याच खराब फाइलवर डिस्क मरेपर्यंत आपटत राहील.

६. क्लोन

खरं काम हे. अख्ख्या डिस्कची सेक्टर-दर-सेक्टर प्रत एका इमेज फाइलमध्ये घ्यायची, आणि त्यासाठी ग्नू डीडीरेस्क्यूसारखं (ddrescue) दुसरं फुकट साधन नाही. ते आधी सोपे भाग भराभर वाचतं, अडलं की उडी मारून पुढे जातं आणि अवघड जागांकडे शेवटी वळतं. विंडोजची साधी कॉपी उलट पहिल्याच खड्ड्यात चाक अडकवून बसते.

रुफसने सिस्टमरेस्क्यू पेनड्राइव्हवर चढवा. त्यात डीडीरेस्क्यू आणि टेस्टडिस्क आधीपासून असतात, आणि ते जोडलेली डिस्क आपणहून उघडत नाही, हा मोठा गुण. सुरू करायला बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करावं लागतं. सावधान: लॅपटॉपवर बिटलॉकर चालू असेल तर पुढच्या वेळी विंडोज रिकव्हरी की मागेल. ती आधी लिहून ठेवा, नाहीतर एका डिस्कच्या नादात लॅपटॉपही कुलूपबंद व्हायचा.

नवी डिस्क विंडोजमध्येच एनटीएफएस किंवा एक्सफॅट म्हणून फॉरमॅट करून सेफली रिमूव्ह करा. फॅट३२ नको, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

सिस्टमरेस्क्यू सुरू झालं की आधी फक्त नवी डिस्क जोडून माउंट करा (म्हणजे वाचण्या-लिहिण्यासाठी उघडा), मग जुनी जोडा आणि माउंट न करता तशीच राहू द्या. एलएसबीएलके (lsblk) ही कमांड देऊन नाव, आकार, मॉडेल आणि सीरियल नंबर पाहा. एसडीबी (sdb) कोण आणि एसडीसी (sdc) कोण हे डिस्कवर चिकटवलेल्या सीरियल नंबरशी ताडून कागदावर लिहा. स्रोत आणि लक्ष्य यांची अदलाबदल झाली तर रिकामी डिस्क जुन्या डिस्कवर लिहिली जाऊ शकते, आणि त्यावर कुठलीच लॅब इलाज करू शकत नाही.

कमांडचा क्रम: डीडीरेस्क्यू, पर्याय, स्रोत, इमेज फाइल, मॅपफाइल. स्रोत म्हणून पूर्ण डिस्क द्या (एसडीबी), तिचा भाग (एसडीबी१) नाही. इमेज आणि मॅपफाइल दोन्ही नव्या डिस्कवर हव्यात. मॅपफाइल सिस्टमरेस्क्यूच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवली तर ती मेमरीत असते आणि मशीन बंद होताच उडते. कुठला भाग वाचला, कुठला राहिला याची सगळी नोंद त्या छोट्या फाइलमध्ये आहे. ती असेल तर काम कितीही वेळा थांबवून पुढे चालू करता येतं, नसेल तर पुन्हा पहिल्यापासून.

पहिली फेरी आडव्या रेघेनंतर लहान लिपीतला एन (-n) देऊन चालवा. यात खराब जागा खरवडणं टाळलं जातं. ती पूर्ण झाल्यावरच दुसरी फेरी, तीच इमेज आणि तीच मॅपफाइल देऊन, लहान डी आणि लहान आरपुढे ३ (-d -r3) या पर्यायांसह. पहिल्या फेरीत ९९ टक्क्यांवर आलं आणि डिस्क कुरकुरतेय असं वाटलं, तर दुसरी फेरी न करता आधी इमेजमध्ये काय आलं ते पाहा. हव्या त्या फायली त्यात असतील तर पुढचा हट्ट कशाला?

वेळेचा अंदाज असा. सेकंदाला १०० एमबी वेग मिळाला तर १ टीबीला सुमारे ३ तास. ३० एमबी मिळाला तर ९ तासांच्या वर. १ एमबीवर आला तर साडेअकरा दिवस. वेग काही केबीवर येऊन तासभर तिथेच रेंगाळला तर कंट्रोल-सी दाबून थांबवा, डिस्क थंड होऊ द्या आणि मोठ्या आरचा (-R) पर्याय देऊन शेवटाकडून उलटं वाचून पाहा.

नवख्यांना हमखास फसवणारा प्रसंग हा: चालू असताना डिस्क यूएसबीवरून गळून पडते. स्क्रीनवर एररचा आकडा एकाएकी पळायला लागतो, आणि वाटतं की डिस्क संपली. तसं नसतं. डीडीरेस्क्यू हवेत वाचत असतं. लगेच थांबवा, डिस्क काढून पुन्हा जोडा, एलएसबीएलकेने नाव पुन्हा पाहा (एसडीबीची एसडीडी झालेली असू शकते), आणि पुढच्या वेळी मोठा ए आणि मोठा एम (-A -M) हे पर्याय जोडा. त्यामुळे खोटे खराब ठरलेले भाग पुन्हा वाचायच्या यादीत येतात.

उन्हाळ्यात नाशिकचा पाराही चाळिशी गाठतो, तेव्हा हे काम रात्री लावा. डिस्क आडवी ठेवून टेबल फॅनचा झोत सोडा. अडीच इंची डिस्कची मर्यादा साधारण ६० अंश असते, पण पन्नाशी ओलांडली की थांबवलेलं बरं.

७. इमेजमधून फायली

जुनी डिस्क आता कपाटात. पुढचं सगळं विंडोजमध्ये, इमेजवर. डीएमडीईमध्ये इमेज उघडा. फाइल सिस्टम शाबूत असेल तर फोल्डरांची रचना नावांसकट दिसेल. फुकट आवृत्ती एका वेळी एका फोल्डरमधून ४००० फायली काढू देते, घरगुती कामाला पुष्कळ झालं. रचना दिसत नसेल तर फुल स्कॅन. फोटोरेक (फक्त फाइलचा प्रकार ओळखून ती काढणारं साधन) अगदी शेवटी, कारण ते फाइलची नावं आणि फोल्डर दोन्ही गमावतं. हजारो आकडी नावांच्या फोटोंतून लग्न कुठलं आणि बारसं कुठलं हे शोधत बसावं लागतं.

फाइलचा आकार बरोबर दिसला म्हणजे फाइल ठीक, असं धरू नका. न वाचलेल्या जागी इमेजमध्ये शून्य भरलेले असतात. फोटो उघडून पाहा, खालचा अर्धा करडा असेल तर तो भाग गेलाय. कॅमेऱ्याचा एमपी४ चालत नसेल तर त्याच कॅमेऱ्याचा, त्याच सेटिंगवरचा चांगला व्हिडिओ नमुना म्हणून देऊन अनट्रंक या साधनाने तो जोडता येण्याची शक्यता असते.

टॅलीचा डेटा असेल तर डेटा फोल्डरमधले १०००० सारख्या आकडी नावाचे फोल्डर अख्खे उचला, आतल्या फायली निवडत बसू नका. टॅलीमधून दुरुस्ती करायची तर त्या फोल्डरच्या प्रतीवर.

डीटीपीवाल्यांसाठी: पेजमेकर किंवा कोरलची फाइल उघडली आणि मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली, तर ती करप्ट झालेली असेलच असं नाही. त्या मशीनवर श्रीलिपीचा तो फॉन्ट नसेल. फॉन्ट टाकून पुन्हा उघडा.

८. लॅबकडे जाताना

एम. जी. रोड किंवा कॅनडा कॉर्नरच्या कॉम्प्युटरवाल्याकडे गेलात तर काउंटरवरच विचारा: काम इथेच करणार की मुंबई-पुण्याला पाठवणार? उघडायची वेळ आली तर क्लीन रूम (डिस्क उघडायची धूळमुक्त खोली) कुणाची? डेटा नाही तर पैसे नाहीत, यात सुट्या भागांचे पैसे धरलेत का? उघडण्याआधी मला फोन करणार का? उत्तरं पावतीवर लिहून घ्या, सोबत डिस्कचा सीरियल नंबरही.

"दादा, इथेच उघडून बघतो" असं कुणी म्हणालं तर डिस्क उचला आणि निघा. हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं. हवेतला धुळीचा साधा कण त्याच्या शेकडो पट जाड असतो. "सेम मॉडेलचा बोर्ड टाकतो" हेही अर्धवट आहे. बोर्डवरच्या रॉम चिपमध्ये त्या विशिष्ट डिस्कची जुळवणी असते, ती चिप हलवल्याशिवाय नुसता बोर्ड बदलून सहसा उपयोग होत नाही.

डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत, चारही बाजूंनी फोम किंवा बबल रॅप. मुंबईला स्वतः जाणार असाल तर हातातल्या बॅगेत, पंचवटी एक्स्प्रेसच्या रॅकवर नाही. दुचाकीच्या डिकीत तर मुळीच नको.

वॉरंटी डिस्क बदलून देते, डेटा देत नाही. सीगेटच्या काही डिस्कसोबत मात्र रेस्क्यू नावाची डेटा काढून देण्याची सेवा येते, खोक्यावर पाहा.

९. काम झाल्यावर

काढलेल्या फायली दोन ठिकाणी ठेवा आणि त्या उघडून पाहिल्याशिवाय इमेज पुसू नका. जुनी डिस्क महिना-दोन महिने तशीच राहू द्या, एखादं विसरलेलं फोल्डर हमखास आठवतं. वॉरंटीत परत करायची असेल तर आतला डेटाही कंपनीकडे जातो हे लक्षात घ्या. चालू असेल तर आधी पूर्ण फॉरमॅट करा, विंडोजमध्ये क्विकची खूण काढून. चालतच नसेल आणि आत व्यवसायाची किंवा गिऱ्हाइकांची माहिती असेल, तर नव्या डिस्कचा मोह सोडून ती परत न दिलेली बरी. अशी डिस्क घंटागाडीत टाकू नका. तबकडीला ड्रिलने दोन-तीन भोकं पाडून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. भोकं पाडताना डोळ्यांवर गॉगल हवा, कारण अडीच इंची डिस्कची तबकडी बहुधा काचेची असते आणि तिचे बारीक तुकडे उडतात.